नळ, दिवाबत्ती आणि रेडिओ

भारतातल्या रेडिओचा इतिहास सांगताना आपण मराठी माणसं मुंबईच्या २३ जुलै १९२७ पासून सुरुवात करतो. व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्या दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्‌घाटन केलं. त्याआधीच मुंबई-कलकत्त्यात हौशी क्लबांचे प्रयोग झाले होते, आणि मद्रासमध्ये तर एक छोटं केंद्र तीन वर्षं नेमानं बोलत-गात होतं.

सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकारानं १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि ३१ जुलैला प्रक्षेपण सुरू झालं. ट्रान्समीटर अवघा ४० वॉटचा, नंतर २०० वॉटचा. म्हणजे १०० वॉटच्या जुन्या दोन दिव्यांएवढी ताकद! मुंबईच्या कंपनीचा ट्रान्समीटर होता दीड किलोवॉटचा. पण जवळच्या श्रोत्याला एवढंही पुरे. क्रिस्टल सेटला वीज लागत नसे. गॅलेनाच्या खड्यावर बारीक तारेचं टोक इकडेतिकडे टेकवत बसायचं, नेमकी जागा सापडली की हेडफोनमधून गाणं ऐकू येई. ऐकणारा मात्र एकटाच.

हौसेला पैशाचं पाठबळ उरलं नाही. ऑक्टोबर १९२७ मध्ये क्लब बंद पडला आणि ट्रान्समीटर मद्रास महापालिकेच्या हवाली झाला. पुढे जे घडलं ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत नवलाचं वाटतं. मुंबईच्या कंपनीचंही मार्च १९३० मध्ये दिवाळं निघालं. १ एप्रिल १९३० रोजी सरकारनं तिची केंद्रं हाती घेतली आणि नेमक्या त्याच दिवशी मद्रास महापालिकेनं आपली सेवा सुरू केली. नळ, दिवाबत्ती, शाळा सांभाळणाऱ्या पालिकेकडे आता रेडिओही आला.

तिचं वेळापत्रक वाचलं की पालिकेचा स्वभाव कळतो. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुख्य कार्यक्रम. शाळेच्या दिवशी चार ते साडेचार मुलांसाठी संगीताचे धडे आणि गोष्टी. रविवारी आणि सुटीला सकाळी दहा ते अकरा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाश्चात्त्य संगीत. साहेबांची सोय तेवढ्यात भागली! मरीना किनाऱ्यावर लाउडस्पीकर होते. घरी सेट घेणं परवडत नसलेल्याला वाळूत बसून, चारचौघांत, फुकट ऐकता येई. सेट बाळगण्याच्या वार्षिक परवान्याचे दहा रुपये ही तेव्हा थोडकी रक्कम नव्हती. कंपनीला श्रोता म्हणजे परवानाधारक. पालिकेला तो नागरिक होता.

१६ जून १९३८ रोजी गव्हर्नर लॉर्ड अर्स्किन यांच्या हस्ते ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र सुरू झालं आणि पालिकेचा रेडिओ थांबला. नवं केंद्र मोठं, सुसज्ज. पण गावचा रेडिओ दिल्लीचा झाला. पुढे देशातली पहिली एफएम सेवाही मद्रासलाच मिळाली, २३ जुलै १९७७ ला.

गावच्या रेडिओची वाट पुन्हा मोकळी केली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानं: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यातलं प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. त्यानंतर सात वर्षांनी शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र चालवायची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘अण्णा एफएम’ सुरू झालं. आसपासच्या वस्त्यांतल्या बायका तिथे आरोग्यावरचे कार्यक्रम स्वतः करू लागल्या. अशा केंद्रांना प्रक्षेपणाची मर्यादा १०० वॉटची.