एका घासाने काय होते?

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत दोन नवे शब्द आले आहेत, 'ग्लुटेन-फ्री' आणि 'पॅलिओ'. मोबाईलवर कोणी सांगतो, गहू सोडा, वजन उतरेल, गुडघेदुखी थांबेल, चेहरा उजळेल. त्याच मोहल्ल्यात एखाद्या मुलाला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलेला असतो आणि त्याला मात्र फुफी, खाला, चाची आग्रह करीत असतात, "एवढीशी शेवई खा रे बाळा, एका घासाने काय होते?" ज्यांना गरज नाही ते गहू सोडतात आणि ज्याने सोडायलाच हवा त्याला आपण प्रेमाने खाऊ घालतो. हा उलटा प्रकार थांबावा म्हणून हा लेखप्रपंच.

ग्लुटेन म्हणजे काय?

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन आहे. मळलेली कणीक ताणली तरी तुटत नाही, ती याच्यामुळे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ते नसते. म्हणूनच भाकरीच्या पिठाला गरम पाणी लागते आणि चपातीसारखी ती लाटता येत नाही, थापावी लागते. आपल्या आजी-नानींना ग्लुटेन हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांच्या हाताला फरक ठाऊक होता.

बहुतेकांना ग्लुटेन सहज पचते. परंतु सिलिॲक नावाच्या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, न वाढणारी उंची, गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे ही त्याची लक्षणे. काहींना पोटाचा त्रास जाणवतही नाही. स्त्रियांमध्ये उपचाराविना राहिलेल्या या आजारामुळे गर्भ न राहणे किंवा वारंवार गर्भपात होणे असेही घडू शकते. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कसा कळला, ती हकिगत विचार करायला लावणारी आहे. विलेम डिके हे नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ. गव्हाबद्दल त्यांना आधीपासूनच शंका होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असताना सिलिॲकची मुले मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले. आजही या आजारावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद ठेवणे हाच उपचार. उत्तर भारतात, जिथे गहू हे रोजचे अन्न आहे, शंभरात साधारण एका व्यक्तीला हा आजार आढळला आहे. आपल्याकडेही चपाती, पाव, बिस्किटे आणि खारी यांचे प्रमाण वाढले आहे, तेव्हा बेसावध राहून चालणार नाही.

आधी चाचणी, मग परहेज

वाचक भगिनींनो, या लेखातील एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ही ठेवा. शंका आली की लगेच गहू बंद करू नका. 'टीटीजी' नावाची रक्तचाचणी आणि गरज वाटल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्हींसाठी रुग्ण गहू खात असावा लागतो. आधीच गहू सोडला तर आतडे सुधारू लागते, चाचणी निर्दोष येते आणि खरे निदान राहून जाते. घरात एकाला हा आजार निघाला तर आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी, कारण रक्ताच्या नात्यात त्याची शक्यता जास्त असते. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. दोन्हींत गल्लत नको.

पॅलिओचे काय?

अश्मयुगातील माणूस शेती करत नव्हता, म्हणून धान्य, डाळी, दूध आणि साखर सोडा, मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि सुकामेवा खा, हा पॅलिओचा सारांश. साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणे कमी करा, एवढे त्यातले उत्तम आहे. पण त्याचा पाया तितका पक्का नाही. जॉर्डनच्या वाळवंटात १४,००० वर्षांहून जुन्या चुलीत भाजलेल्या रोटीचे जळके तुकडे सापडले आहेत. तेव्हा शेती सुरूही झाली नव्हती! माणसाने रानटी धान्य दळून खाल्लेच होते.

घरचा हिशोब पाहा. सहा माणसांच्या घरात डाळ, भात, भाकरी आणि दूध काढून टाकले तर रोज मटण आणि बदाम कुठून आणणार? वाढत्या मुलांचे दूध आणि डाळ बंद करणे तर धोक्याचेच. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काही सुरू करू नये. सिलिॲकच्या रुग्णाला गहू, जव आणि राय सोडायचे आहेत. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ त्याच्या ताटातून काढण्याचे कारण नाही. पवित्र कुरआनने हलाल आणि तय्यब म्हणजे शुद्ध, उत्तम अन्न खायला सांगितले आहे. अल्लाहने हलाल केलेले अन्न केवळ फॅशनपायी टाकून देण्यात शहाणपण नाही.

एक सालन, दोन रोट्या

नोकरी, शाळा, ट्यूशन आणि मदरसा या धावपळीत दोन वेगळे स्वयंपाक होणे नाही. म्हणून सालन, डाळ, भाजी सर्वांसाठी एकच करावी आणि ती पिठाशिवाय करावी. फरक फक्त रोटीत ठेवावा. आधी भाकरी करावी, मगच कणकेला हात लावावा. परात, चाळणी, पोळपाट-लाटणे आणि तवा रुग्णासाठी वेगळे असावेत, कारण लाकडाच्या चिरांत कणीक अडकून राहते. तळणही आधी त्याचे, मग इतरांचे.

गिरणीची अडचण मोठी आहे. गव्हामागून ज्वारी दळली की जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते. ज्यांना जमेल त्यांनी घरघंटी घ्यावी. नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक ठेवावी आणि तिच्यात गहू टाकूच नये.

लपलेला गहूही ओळखायला हवा. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते आणि तोच हिंग चाट मसाल्यात जातो. सोया सॉसमध्ये गहू असतो. मुलांना दुधातून देतात त्या अनेक पावडरींत जवाचे माल्ट असते. बाजारच्या सीख कबाबात पावाचा चुरा किंवा मैदा असू शकतो. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशातील नियम आहे. यावरून एका घासाने काय होते ते कळावे. एका घासात ग्लुटेन त्याच्या कित्येक पट असते. मुलाचे पोट लगेच दुखले नाही तरी आतड्याची झीज सुरू होते.

महागड्या पाकिटांवाचून अडत मात्र नाही. कोकणातली तांदळाची भाकरी, घावन आणि सांदण, मराठवाड्यातली ज्वारीची भाकरी, खानदेशातली कळण्याची भाकरी हे सारे आपलेच आहे. शेजारच्या हिंदू भगिनींच्या उपवासाच्या फळीवरचा राजगिरा, साबुदाणा, वरई आणि शिंगाड्याचे पीठ यांतही ग्लुटेन नसते. भाकरी डब्यात कडक होते. तेव्हा शाळेसाठी इडली, डोसा, पोहे, पुलाव, उकडलेले अंडे बरे. शाळेत मुलाच्या वर्गशिक्षकांना जरूर सांगून ठेवावे. आम्ही शिक्षक रोज पाहतो, मधल्या सुटीत मुले डबे एकमेकांत वाटून खातात. वाढदिवसाचा केक आणि बिस्किटे वर्गात फिरतात, तेव्हा कोणाला काय चालत नाही हे शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

रमजान, ईद आणि दावत

सहरीला पराठ्याऐवजी भाकरी-दही, अंडे किंवा नाचणीची आंबील पोटाला आधार देते. इफ्तारला खजूर, फळे, उकडलेले चणे आणि घरच्या बेसनाची वेगळ्या तेलात तळलेली भजी चालतात. निदान नुकतेच झाले असेल आणि अशक्तपणा असेल तर रोजाबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिलेलीच आहे.

ईदला शीरखुर्म्याच्या शेवया गव्हाच्या असतात. त्या मुलासाठी तांदळाची फिरनी किंवा साबुदाण्याची खीर करावी. ती सर्वांनीच चाखावी, म्हणजे त्याला आपण निराळे आहोत असे वाटणार नाही. खिचडा आणि हलीम गव्हाचे, म्हणून वर्ज्य. तलबिना हे जवाचे पेय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजाऱ्यासाठी सांगितले म्हणून कोणी भक्तिभावाने पाजू पाहतात. पण ज्याला जवच अपाय करतो त्याला ते देणे हा सुन्नतचा हेतू नव्हे. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर तवक्कुल ठेवा, ही शिकवणही त्यांचीच आहे. परहेज म्हणजे उंट बांधणेच.

लग्नात बिर्याणी बहुधा चालते, पण तळलेल्या कांद्याला मैदा लावला आहे का, कोरम्यात पीठ आहे का, हे बावर्चीला आधी विचारून घ्यावे. नान खलियाच्या दावतीत खलियात पीठ नसेल तर तो भातासोबत खाता येतो. खात्री नसेल तर मुलाला घरून जेवू घालून न्यावे आणि सोबत डबा ठेवावा.

मुलीच्या रिश्त्याच्या वेळी हा आजार लपवू नये. लपवला तर सासरी ती भीतीपोटी सर्वांसोबत चपाती खात राहते आणि आतून खंगते. परहेज पाळले तर ती निरोगी संसार करू शकते, हे दोन्ही घरांनी आधीच बोलून घ्यावे.

आणि येत्या दावतीत असे मूल आपल्या दस्तरखानावर बसले, तर आग्रह करण्यापूर्वी त्याच्या अम्मीला विचारावे, "याला काय चालते?" मेहमाननवाजी यातही आहे.