नवे इंजिन घालावे की जुनेच बांधावे?

बैलगाडीत कडबा भरणाऱ्याला वजनाचा धडा कोणी शिकवावा लागत नाही. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलळते. पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. कडबा तोच, गाडी तीच, बैलजोडीही तीच. पण ओझे कोठे ठेवले यावर वाट सुखाची होणार की कष्टाची, हे ठरते. आज ज्या गाडीविषयी सांगायचे आहे तिला बैल नाहीत. धडा मात्र हाच आहे.

ही गाडी इंग्लंडातली. तिचे नाव एम.जी.बी. दोन माणसांची, बुटकी, हलकी अशी ही स्पोर्ट्‌स मोटार. ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती, आणि सगळे प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. उघड्या गाडीचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. इंजिन चार सिलिंडरांचे, १,७९८ घनसेंटिमीटरचे, सुमारे ९५ अश्वशक्तीचे आणि बिडाचे.

ही गाडी जपणारे हौशी लोक आजही पुष्कळ आहेत. समजा, अशाच एकाची गाडी निळा धूर सोडू लागली. चढावर तिला दम लागतो, तेलाचा दाब उतरला आहे. मालकापुढे दोन वाटा असतात. जुने इंजिन उतरवून नव्याने बांधावे, किंवा ते काढून दुसऱ्या जातीचे, अधिक जोमाचे इंजिन बसवावे. मित्र म्हणतात, “एवढा खर्च करतोच आहेस, तर मोठेच इंजिन घाल की!” सल्ला ऐकायला गोड आहे. पण तो ऐकण्यापूर्वी खुद्द कारखान्याचा अनुभव काय होता, ते पाहू.

१९६७ साली कारखान्याने याच गाडीत सहा सिलिंडरांचे, २,९१२ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले. गाडीला नाव दिले एम.जी.सी. अश्वशक्ती ९५ वरून १४५ झाली. पण हे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होते, आणि ते सारे वजन गाडीच्या नाकाकडे आले. इंजिन मावेना म्हणून बॉनेटला फुगवटा काढावा लागला. पुढच्या चाकांचे स्प्रिंग बदलून निराळीच रचना करावी लागली, चाकेही मोठी घ्यावी लागली. एवढे करूनही परीक्षकांची तक्रार राहिली की, वळणावर गाडीचे नाक जड लागते. सुमारे ९,००० गाड्या झाल्यावर १९६९ साली तिचे उत्पादन थांबले.

आता शिक्षक-बंधुभगिनींनी फळ्यावर मांडावे असे एक गणित. समजा, गाडी ९०० किलोंची आहे. पुढच्या आसावर ४५० किलो, मागच्यावर ४५०. बरोबर पुढच्या आसावर ९० किलो वाढवले, तर पुढे ५४० आणि मागे ४५० झाले. एकूण ९९० किलोंपैकी शेकडा साडेचोपन्न भार पुढे गेला. वजन वाढले शेकडा दहाने, पण पुढच्या चाकांवरचा भार वाढला शेकडा वीसने!

दुसरा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. पाच-सहा फुटांचा बांबू मधोमध धरून डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. सहज फिरेल. मग दोन्ही टोकांना एकेक दगड घट्ट बांधा आणि जरा मोकळ्या जागेत पुन्हा फिरवायला सांगा. आता तो वळायला आढेवेढे घेतो, आणि एकदा वळू लागला की थांबायलाही तयार नसतो. तेच दोन दगड मुठीजवळ बांधले, तर इतका त्रास होत नाही. म्हणून नुसते वजन विचारून भागत नाही. वजन कोठे आहे, हेही विचारावे लागते. हलक्या गाडीची सारी गंमत तिच्या वळण्यात असते. तीच गेली, तर अश्वशक्ती घेऊन करायचे काय?

तुम्ही म्हणाल, म्हणजे इंजिन बदलूच नये की काय? तसेही नाही. १९७३ साली कारखान्याने दुसरा प्रयत्न केला. या वेळी रोव्हरचे आठ सिलिंडरांचे, ३,५२८ घनसेंटिमीटरचे इंजिन निवडले. हे मूळचे अमेरिकेतील ब्यूइक कंपनीचे, आणि ॲल्युमिनियमचे. त्यामुळे सिलिंडर दुप्पट असूनही त्याचे वजन जुन्या चार सिलिंडरांच्या बिडाच्या इंजिनाच्या आसपासच राहिले. अश्वशक्ती १३७, म्हणजे आधीच्या जड इंजिनापेक्षा कमीच. पण गाडीचा तोल टिकला. केन कॉस्टेलो या इंग्रज गृहस्थाने कारखान्याच्या आधीच हे इंजिन अशा गाड्यांत बसवून दाखवले होते. कारखान्याने १९७६ पर्यंत अशा २,५९१ गाड्या केल्या.

मात्र इंजिन बसवले आणि काम संपले, असे झाले नाही. रेडिएटर पुढे सरकवावा लागला, ब्रेकच्या तबकड्या जाड घ्याव्या लागल्या, मागच्या आसातील दात्यांचे प्रमाण बदलावे लागले. हीच यादी घरी इंजिन बदलणाऱ्यालाही चुकत नाही. गिअरबॉक्सशी जोड, क्लच, इंजिनाचे पाये, सायलेन्सरची नळी, पेट्रोलचा पुरवठा, वायरिंग, सगळेच पाहावे लागते. यांतील ब्रेकला तर कधीही विसरू नये. ९५ अश्वशक्तीसाठी केलेला ब्रेक दीडपट जोराच्या गाडीला तसाच ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवाय बदल नोंदणीच्या कागदावर चढवावा लागतो, विमावाल्याला कळवावा लागतो. न कळवलेला बदल अपघातानंतर महागात पडतो.

आता जुने इंजिन बांधण्याची वाट पाहू. पहिली गोष्ट ही की, उघडण्याआधी दुखणे ओळखावे. इंजिन गरम करून सगळे प्लग काढावेत आणि प्लगच्या भोकात दाबमापक लावून, इंजिन स्टार्टरने फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यावा. एखाद्याचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. तेलाने वाटा तेवढ्यापुरत्या बंद झाल्या. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये शोधावा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच पडला असेल, तर त्यांच्यामधले गॅस्केट गेले असण्याचा संभव फार. चमचाभर तेलाची ही परीक्षा आहे, पण तिने कित्येकदा सबंध इंजिनाचा खर्च वाचतो. नुसते गॅस्केट गेलेले असताना इंजिन मोडीत काढणे म्हणजे पाय मुरगळला म्हणून बैल विकण्यासारखे झाले.

सिलिंडर झिजला असेल, तर तो यंत्रावर थोडा मोठा बोअर करून त्या मापाचे पिस्टन घालतात. क्रँक घासून गुळगुळीत करतात आणि तेवढ्या जाड बेअरिंगा बसवतात. एम.जी.बी.च्या बाबतीत आणखी एक काम याच वेळी उरकावे. जुन्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून राखी. ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर बंद झाली. म्हणून हेड उतरलेच आहे, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. एवढे नीट केले, तर इंजिन जणू नव्याने जन्माला येते. आणि गाडीतले बाकी काहीही बदलावे लागत नाही.

ब्लॉकलाच मोठा तडा गेला असेल तर? तेव्हाही तिसरी वाट असते. त्याच जातीचे दुसरे इंजिन मिळवून ते बांधावे. लाखोंनी झालेल्या गाडीला अशी इंजिने आणि सुटे भाग मिळणे अवघड नसते.

तेव्हा निर्णयापूर्वी मालकाने चार प्रश्न स्वतःला विचारावेत. दुखणे नक्की कोठे आहे, हे मी मोजले आहे का? नव्या इंजिनाचे वजन किती, आणि ते कोठे बसणार? त्याच्यामागून काय काय बदलावे लागेल, आणि तो सारा खर्च मी हिशेबात धरला आहे का? आणि शेवटचा, मला या गाडीपासून हवे तरी काय? पहिल्या तीनही प्रश्नांची उत्तरे हाती असतील आणि जोरच हवा असेल, तर खुशाल बदलावे. उत्तरे नसतील, तर जुनेच बांधावे. अर्धवट राहिलेली गाडी ना जुनी असते ना नवी. ती नुसती जागा अडवते.

आपल्यापैकी थोड्यांच्याच दारी अशी मोटार येईल. पण विहिरीवरचे डिझेल इंजिन धुरू लागले की हाच सल्ला मिळतो, “मोठे घ्या!” त्या वेळी पंप किती इंची, पाइप किती, आणि विहिरीला पाणी किती, हे आधी पाहावे. पाणी पाच अश्वशक्तीपुरतेच असेल, तर दहाचे इंजिन ते दुप्पट करणार नाही. ते फक्त विहीर लवकर कोरडी करील, आणि डिझेल जास्त पिईल.