पोट घटवा, ताकद वाढवा. पण वहीत हिशेब ठेवून



"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न आपल्या वस्तीत नेहमी ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पारोळा तालुक्यात उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला घाम गाळायला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु त्याच घरातला मुलगा आज दुकानाच्या गल्ल्यावर, रिक्षाच्या सीटवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर आठ-दहा तास बसतो. हात-पाय बारीक आणि पोट तेवढे पुढे, अशी शरीरे आता घरोघर दिसतात. वजन केले तर काटा ६० किलो दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. हा निश्चिंतपणा महाग पडतो. घरातल्या कर्त्या माणसाला मधुमेह झाला की औषधांचा खर्च वाढतो आणि दवाखान्याच्या खेपांत रोज बुडतो.

काटा काय सांगत नाही?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय अनेक वर्षे अभ्यासला. १९९३ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये गरोदर माता व त्यांच्या बाळांची पाहणी केली. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती.

२००४ साली डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. यंत्राने तपासल्यावर इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! काट्याच्या लेखी दोघे समान होते, पण आतला माल वेगळा होता.

म्हणून वजनापेक्षा कमरेचे माप महत्त्वाचे. शिंप्याकडची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या (सुमारे साडेएकतीस इंच) आत असावी. त्यापुढे गेली की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो.

राजा प्रसेनजिताचा उपाय

संयुक्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची गोष्ट आहे. राजा द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मिताहाराचे महत्त्व सांगितले. राजाने काय केले? एकदम उपास धरला नाही. सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवणाच्या वेळी तो म्हणून दाखवण्याचे काम दिले. क्रमाक्रमाने भात कमी होत एका नाळीवर आला आणि राजाचे शरीर हलके झाले.

यातली युक्ती ध्यानात घ्या. राजाने रोजचे एक काम ठरवले, आठवण देणारा माणूस नेमला आणि हळूहळू पुढे गेला. "महिन्यात दहा किलो उतरवीन" हे ध्येय आपल्या हातात नसते. "आठवड्यातून पाच दिवस चालेन" हे आपल्या हातात असते. ध्येय कामाचे ठरवा, फळ मागून येते. आठवण द्यायला आपल्या घरची शाळकरी मुलगी सुदर्शनापेक्षा कमी नाही!

बारा आठवड्यांचा आराखडा

दोन रुपयांचा खडू आणि घरची भिंत किंवा मुलांची जुनी वही, एवढे पुरे. पहिल्या दिवशी कंबर आणि एका दमात होणाऱ्या बैठका लिहा. ही आपली आरंभीची शिल्लक.

पहिले चार आठवडे: पाच दिवस २० मिनिटे झपझप चालणे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग. एक दिवसाआड तीन वेळा, खुर्चीवर बसून उठण्याच्या ८ बैठका आणि भिंतीला हात टेकून ८ जोर, अशा दोन फेऱ्या.

पाच ते आठ: चालणे ३० मिनिटे. खुर्चीविना बैठका, गुडघे टेकून जमिनीवर जोर, तीन फेऱ्या.

नऊ ते बारा: पाठीवर पुस्तकांचे दप्तर घेऊन बैठका, जमल्यास पूर्ण जोर. १२ सहज होऊ लागले की काम थोडे अवघड करा. भार वाढत गेला तरच स्नायू वाढतो.

३० मिनिटे पाच दिवस म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी किमान एवढे चालणे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात सूर्य उगवण्याआधीच फिरून यावे. भगिनींनी चार-पाच जणींचा गट करावा. एकटीला संकोच वाटतो, गटाला वाटत नाही. मात्र त्यासाठी सकाळचे पाणी भरणे अर्धा तास पुरुषांनी सांभाळले पाहिजे. ज्यांचे कामच अंगमेहनतीचे आहे त्यांनी चालण्याचा हट्ट धरू नये. त्यांना झोप, विश्रांती आणि पोटभर सकस अन्न हवे.

नुसत्या पोटाच्या कसरतीने पोटाची चरबी वितळत नाही. ती साऱ्या शरीरातून मिळूनच उतरते.

ताटात काय हवे?

अर्धा तास चालून साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. एका समोशात त्याहून अधिक असतात. म्हणून तळण आणि चहातली साखर आधी कमी करा. पण उपाशी राहू नका. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

स्नायूंना प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२, तेवढ्याच शेंगदाण्यांत २५, सोयावडीत ५० च्या आसपास. शेंगदाण्यांत तेलही भरपूर, तेव्हा मूठभरच घ्यावेत. आपली कळण्याची भाकरी उडदामुळे साध्या भाकरीपेक्षा कसदार. महागड्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. आणि झटपट दंड फुगवणाऱ्या इंजेक्शनांच्या नादी तरुणांनी मुळीच लागू नये. त्यांनी यकृत आणि हृदय बिघडते.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत वरणातले घट्ट आधी संपते आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात पाणी येते. मातेचे स्नायू कमी तर बाळाचेही कमी, हे पुण्याच्या बाळांनी आपल्याला शिकवले आहे. तेव्हा घरात सगळ्यांनी एकाच वेळी जेवायला बसावे.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी आधी सरकारी दवाखान्यात विचारून घ्यावे. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे.

पहिले तीन-चार आठवडे वजन हलणार नाही कदाचित. निराश होऊ नका. टेप आणि बैठकांचा आकडा पाहा. एखादा आठवडा लग्नकार्यात, आजारपणात खाडा पडला तर वहीत तसे लिहा आणि पुढल्या सोमवारी मागील पानावरून पुढे चालू करा. बारा आठवड्यांनी कंबर दोन इंच कमी आणि बैठका दुप्पट झाल्या, तर समजा खाते नफ्यात आहे.