पंख्याचं विमान आणि आईच्या पाटल्या

२०१८ सालची गोष्ट. लातूरची माझी धाकटी जाऊ, तिची दहावी झालेली लेक आणि मी, अशा तिघी नांदेडहून हैदराबादला विमानानं निघालो होतो. तिघींचाही पहिलाच विमानप्रवास! 'उडान' योजनेतली ही सेवा ट्रूजेटनं २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू केली होती. आता ती बंद झालीय. पण आमच्यासारख्या कित्येक जणींना विमान जवळून दाखवलं ते तिनंच.

समोर एटीआर-७२ उभं होतं. ते बघून जाऊ जागच्या जागी थबकली. "अहो ताई, हे तर पंख्याचं! जुनाट दिसतंय की. बसायचं का हो यात?"

उत्तर लेकीनं दिलं. "आई, पंखा नुसता बाहेर दिसतो. आत जेटसारखंच इंजिन असतंय."

प्रवासभर तिनं आम्हाला समजावलं. हवा आत ओढायची, दाबायची, रॉकेलसारखं इंधन त्यात जाळायचं. त्या गरम झोतानं आतली पाती गरागरा फिरतात आणि ते फिरणं गिअरमधून पंख्याला मिळतं. याचंच नाव टर्बोप्रॉप. जवळच्या प्रवासाला इंधन कमी लागतं, धावपट्टीही फार लांब लागत नाही. म्हणून लहान गावांना हेच विमान परवडतं.

मग ती म्हणाली, "मोठी आई, अमेरिकेत लोक घरी विमान बनवतात, माहितेय का?" लॅन्सएअरसारख्या विमानांचे सुटे भाग आणून माणसं ती घरी जोडतात. पुढं काहींना साध्या पिस्टन इंजिनाऐवजी टर्बोप्रॉप बसवायची हौस येते. नवं इंजिन आवाक्याबाहेरचं. मग जुनं, पण नव्यानं बांधलेलं इंजिन शोधतात. चेक देशातलं वॉल्टर एम-६०१ त्यासाठी नावाजलेलं. मुळात ते १९ आसनी एल-४१० विमानासाठी बनवलेलं. कॅनडाचं पीटी-६ हे दुसरं.

आपल्याकडं ट्रॅक्टरच्या इंजिनाचं काम काढतात ना, तसंच हे. मात्र इथं एकेका पात्याची तपासणी होते. उष्णतेनं पातं किंचित जरी ताणलं, तडकलं, तरी बाद! इंजिन किती तास चाललं, किती वेळा सुरू-बंद झालं, याची वही जन्मभर त्याच्यासोबत फिरते. वही नसेल, तर ते इंजिन किती का चकचकीत असेना, त्याचा भरवसा धरता येत नाही.

आणखी एक मेख आहे. इंजिन दणकट बसवलं म्हणून विमानाचा सांगाडा दणकट होत नाही. ठरलेल्या वेगापलीकडं ते पळवलं, तर जिवावर बेततं.

घरी विमान बांधणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातही आहे. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. आधीच्या दोन प्रयत्नांनंतरचं हे तिसरं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये आणि २०२० मध्ये धुळ्याला ते हवेत झेपावलं. इतकी वर्षं त्यांचं एकत्र कुटुंब पाठीशी राहिलं. मला कौतुक वाटलं ते त्या घराचं.

पण कौतुक दुसऱ्याच्या घराचं! जावेची लेक जेव्हा म्हणाली, "मला डॉक्टर नाही व्हायचं, विमानाची इंजिनं दुरुस्त करायचीत," तेव्हा मी काय केलं? लातूरात राहून शिकवणीला नाही म्हणायचं म्हणजे काय! मीच तिला समजवायला गेले. "पोरीच्या जातीला ग्रीस-ऑइलची कामं? उद्या स्थळं कशी यायची?" महिला मंडळात मुलींच्या शिक्षणावर भाषणं करणारी मी!

तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मोठी आई, तुम्ही माझ्या सांगाड्यावर दुसऱ्याचं इंजिन बसवताय."

मी गप्प झाले. रात्रभर झोप नाही. सकाळी जावेला फोन केला, तर ती माझ्याही पुढं गेलेली. पाटल्या बँकेत ठेवून फीचे पैसे घेऊन आली होती. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

बारावीला भौतिक, रसायन आणि गणित असलं, की विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाला जाता येतं. पुढं डीजीसीएच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि मग परवाना. वाट लांबची आहे आणि खर्चाचीही. फी भरण्याआधी त्या संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, ते बघून घ्याच, मैत्रिणींनो. इंजिनासारखीच संस्थेचीही वही तपासावी लागते.

आमच्या लेकीचे अजून दोन पेपर राहिलेत. दिवाळीला आली, तेव्हा नखांत काळं ऑइल होतं. जावेनं तिचे हात हातात घेतले, बराच वेळ नुसती बघत राहिली. जावेच्या स्वतःच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. पाटल्या अजून बँकेतच आहेत.

मी विचारलं, "कधी सोडवायच्या गं?"

"सुटतील की, ताई," ती हसली. "आधी हिचा परवाना येऊ द्या."