आकडा आणि ऐवज

संगणकाच्या मेमरीत एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग रांग असते, तिला ॲरे म्हणतात. ‘सी’सारख्या, यंत्राला अगदी बिलगून असलेल्या भाषेत ही रांग स्वतःविषयी फारसे काही सांगत नाही. ती कुठून सुरू होते तो पत्ता हाती असतो. ती कुठे संपते, हे लक्षात ठेवणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम. पण रांग दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची झाली, की तो पत्ताही निरुपयोगी ठरतो. ‘तिसऱ्या फळीवरचा डबा’ ही खूण आपल्या घरातच चालते, परक्या घरात नाही. म्हणून प्रत्यक्ष मूल्येच एकामागोमाग बाइटांत मांडून पाठवावी लागतात. याला सिरियलायझेशन म्हणतात. पलीकडे त्या बाइटांतून पुन्हा रांग उभी करणे म्हणजे डीसिरियलायझेशन.

यात पहिला प्रश्न क्रमाचा. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. यंत्रांतही असे दोन पंथ आहेत. १००० ही संख्या दोन बाइटांत ३ आणि २३२ अशी बसते, कारण ३ × २५६ + २३२ = १०००. इंटरनेटच्या मूळ नियमांत मोठा बाइट आधी जातो; इंटेलचे प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतात. क्रम न जुळवता वाचले, तर १०००चे ५९,३९५ होतात. डॅनी कोहेन यांनी १९८० साली या वादावर लेख लिहिला आणि दोन्ही पंथांना ‘बिग एंडियन’ व ‘लिटल एंडियन’ ही नावे दिली. ती त्यांनी १७२६च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून उचलली होती; तिथे अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढाया होतात.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर: रांग कुठे संपली, हे पलीकडच्याला कसे कळणार? शेवटी शून्याची खूण ठेवावी, तर मूल्यांमध्येही शून्य असू शकते. म्हणून बहुधा आधी लांबीचा आकडा आणि मग मूल्ये पाठवतात. सोय उत्तम आहे. पण तो आकडा पाठवणाऱ्याने सांगितलेला असतो, घेणाऱ्याने मोजलेला नसतो.

हा फरक विसरला की काय होते, हे ७ एप्रिल २०१४ रोजी जगापुढे आले. इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर गुप्त संभाषणासाठी ‘ओपनएसएसएल’ वापरत होते. त्यात ‘हार्टबीट’ नावाची सोय होती: एका यंत्राने थोडा मजकूर पाठवायचा, सोबत त्याची लांबी, दुसऱ्याने तोच मजकूर परत करून आपण जागे असल्याचे कळवायचे. लांबीसाठी दोन बाइट, म्हणजे कमाल ६५,५३५. कोणी एकच बाइट पाठवून लांबी ६५,५३५ सांगितली, तरी सर्व्हर आलेला मजकूर मोजत नसे. त्या एका बाइटापासून पुढे मेमरीत जे असेल ते तो उचलून देई: इतरांचे पासवर्ड, प्रसंगी सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. या दोषाला ‘हार्टब्लीड’ नाव पडले. कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक यातूनच चोरीला गेले.

खेदाची बाब ही, की नियम आधीच लिहिलेला होता. फेब्रुवारी २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्टबीटच्या मानकात, सांगितलेली लांबी प्रमाणाबाहेर असेल तर संदेश मुकाट्याने टाकून द्यावा, असे स्पष्ट होते. दुरुस्तीचा गाभाही एवढाच: सांगितलेली लांबी आलेल्या संदेशात मावते का, ही तुलना.

‘रस्ट’सारख्या नव्या भाषा रांगेसोबत तिची लांबी बाळगतात आणि हद्दीबाहेरचे वाचन अडवतात. तरीही काम संपत नाही. चार बाइटांच्या आकड्यात ४२९ कोटींचा दावा मावतो. जेमतेम दहा बाइटांच्या संदेशाने तो दावा केला आणि घेणाऱ्याने आधीच तेवढी जागा अडवली, तर मेमरी संपून यंत्र कोलमडू शकते. पावतीवरचा आकडा वाचून कोणी ऐवज ताब्यात घेत नाही. तो मोजून घेतो. बाइटांच्या व्यवहारातही तीच रीत पाळावी लागते.