चार बोल्टांवरची अर्धी गाडी

फॉर्म्युला शर्यतीच्या गाडीतून इंजिन आणि गिअरबॉक्स काढून घेतले, की मागे अख्खी गाडी उरत नाही. उरते ती पुढची दोन चाकं आणि चालकाची बसायची जागा. एवढं एक ध्यानात ठेवलं, तर इंजिन उतरवताना मेकॅनिक जे जे करतो त्याचा अर्थ आपोआप लागत जातो.

आपल्या रोजच्या गाडीत इंजिन हे चौकटीत ठेवलेलं ओझं असतं. रबराच्या माउंटिंगवर ते बसवलेलं असतं. काढायचं तर वरून चेन पुली लावायची, नट सोडायचे आणि उचलायचं. इंजिन नसलं तरी गाडी चार चाकांवर उभीच राहते. शर्यतीच्या गाडीनेही अनेक वर्षं हाच रिवाज पाळला. 1954 च्या लॅन्शिया डी-50 मध्ये विट्टोरियो यानो यांनी इंजिनालाच चौकटीचं थोडं काम दिलं होतं, पण ही कल्पना रूढ केली ती लोटस 49 ने.

या गाडीचा जन्म तीन कंपन्यांच्या एकत्र येण्यातून झाला. लोटसचे कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी गाडी आखली. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या कॉसवर्थ कंपनीत कीथ डकवर्थ यांनी तिच्यासाठी तीन लिटरचं व्ही-8 इंजिन बनवलं, आणि एक लाख पौंडांचा खर्च फोर्डने उचलला. या इंजिनाचं नाव डीएफव्ही. चॅपमन यांनी गाडीचं अॅल्युमिनियमचं धड चालकाच्या पाठीशीच संपवलं. त्यामागे चौकट ठेवलीच नाही. त्या सपाट भिंतीला थेट इंजिन बोल्टने जोडलं, इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स जोडला, आणि मागच्या चाकांचं सस्पेन्शन या दोघांच्या आधाराने उभं केलं. मागच्या चाकांकडून येणारा प्रत्येक धक्का, प्रत्येक पीळ इंजिनाच्या ओतीव अंगातून पुढे जाणार होता.

आणि हे सगळं तोलायला मुख्य जोड किती? चार. दोन खाली, क्रँककेसच्या तळाशी. दोन वर, सिलिंडर हेडच्या बाजूला. वरच्या जोडांपाशी डकवर्थ यांचं कौशल्य बघण्यासारखं आहे. इंजिन तापलं की अॅल्युमिनियम फुगतं, दोन्ही हेड किंचित बाहेर सरकतात. ते चारही ठिकाणी घट्ट आवळलं असतं, तर तापल्यावर एक तर इंजिनावर नाही तर गाडीच्या धडावर ताण आला असता. म्हणून वर त्यांनी पातळ पोलादी पट्ट्या वापरल्या. पुढून-मागून येणारा जोर त्या ताठपणे घेतात, पण आडव्या दिशेने थोड्या लवतात, आणि इंजिनाला फुगायला तेवढी मोकळीक मिळते. शर्यतीच्या गाड्यांच्या इतिहासात याहून सुंदर जोड मला दुसरा माहीत नाही.

4 जून 1967 रोजी हॉलंडमधल्या झांडफोर्टला लोटस 49 पहिल्यांदा शर्यतीत उतरली. लोटसचे चालक ग्रॅहम हिल यांनी सरावात सर्वांत वेगवान फेरी मारून सुरुवातीच्या रांगेत पहिली जागा मिळवली होती, पण शर्यतीत त्यांचं इंजिन बंद पडलं. दुसऱ्या लोटस 49 मधून जिम क्लार्क जिंकले. पुढच्या वर्षापासून हे इंजिन इतर संघांनाही विकत मिळू लागलं, किंमत साडेसात हजार पौंड. वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेल्या गाड्यांच्या पाठीवर तेच इंजिन त्याच बोल्टांनी बसू लागलं. 1983 पर्यंत या कुळातल्या इंजिनांनी 155 ग्रां प्री जिंकल्या.

आता इंजिन उतरवण्याकडे वळू. पहिलं काम पाना हातात घेण्याचं नाही, आधार देण्याचं आहे. बोल्ट सुटला की गाडी मधोमध दुभंगणार, म्हणून दोन्ही भागांचं वजन कशावर पडणार हे आधी ठरवावं लागतं. पुढचं धड पक्क्या स्टँडवर ठेवतात. इंजिनाच्या तळाखाली ट्रॉली किंवा जॅक लागतो. मागची चाकं काढायची गरज नसते. मागचा अर्धा भाग त्या चाकांवरच मागे ढकलत नेता येतो. डीएफव्हीच्या काळातले मेकॅनिक असंच करत.

मग येतो जोडण्या सोडवण्याचा कंटाळवाणा पण निर्णायक भाग. बॅटरीच्या तारा सोडायच्या. इंधनाच्या नळीतला दाब उतरवूनच ती सोडायची. रेडिएटर नाकाकडे असल्याने पाणी लांब नळ्यांतून मागे येतं, ते काढून घ्यायचं. या इंजिनांना ड्राय संप असतो, म्हणजे ऑईल तळाशी साठत नाही, पंप ते ओढून वेगळ्या टाकीत नेतो. त्यामुळे ऑईलच्या जाड नळ्याही सुटतात. सुटलेल्या प्रत्येक नळीला आणि तिच्या तोंडाला लगेच टोपण बसलं पाहिजे. मिनिटाला नऊ हजार फेऱ्या मारणाऱ्या इंजिनात वाळूचा एक कण गेला तर बेअरिंग वाचत नाही. ॲक्सिलरेटरची केबल, तारांचे प्लग, क्लचची नळी, मागच्या ब्रेकच्या नळ्या, धडापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारे लांब दांडे, हे सगळं सुटतं. गिअर बदलण्याचा दांडा सोडण्याआधी त्याच्या जोडावर खूण करतात. ही खूण राहून गेली, तर जोडणी झाल्यावर गिअर नीट पडत नाहीत आणि दिवस त्यातच जातो.

सगळ्यात शेवटी ते चार बोल्ट. ते सहज, हाताने फिरून बाहेर आले पाहिजेत. बोल्ट अडकला तर त्याचा अर्थ एकच: इंजिनाची उंची चुकली आहे, वजन बोल्टावर आलं आहे. अशा वेळी हातोडा घ्यायचा नाही. जॅक केसभर वर-खाली करायचा, बोल्ट आपणहून सैल होतो.

मागे नेलेल्या अर्ध्या भागात इंजिन आणि गिअरबॉक्स अजून एकत्र असतात. गिअरबॉक्स म्हणतोय खरा, पण ही पेटी दोन कामं करते. गिअर बदलणं आणि दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल, दोन्ही एकाच कवचात असतात. तिला ट्रान्सअॅक्सल म्हणतात. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या माइक ह्यूलंड यांनी 1960 च्या आसपास अशा पेट्या बनवायला सुरुवात केली, ती फोक्सवॅगन बीटलचं कवच घेऊन. बीटलमध्ये इंजिन सगळ्यात मागे आणि पेटी त्याच्या पुढे. शर्यतीच्या गाडीत नेमकं उलट. पेटी नुसती फिरवून बसवली तर चाकं उलटी फिरली असती, म्हणून तिला उलथी करून बसवलं. ह्यूलंडच्या पेटीचा मोठा गुण म्हणजे मागचं झाकण काढलं की गिअरच्या जोड्या मैदानावरच बदलता येतात, पेटी उतरवावी लागत नाही. मोनॅकोच्या चिंचोळ्या वळणांना वेगळे गिअर लागतात आणि मॉन्झाच्या लांब सरळ रस्त्यांना वेगळे. लोटस 49 ला सुरुवातीला जर्मनीच्या झेडएफ कंपनीची पेटी होती. तिच्यात ही सोय नव्हती. लोटसनेही पुढे ह्यूलंडच स्वीकारली.

ही पेटी इंजिनापासून वेगळी करणं हा सगळ्या कामातला नाजूक क्षण. पेटीतून एक बारीक दांडा, इनपुट शाफ्ट, पुढे येतो आणि क्लचप्लेटच्या खाचांत शिरलेला असतो. भोवतीचे बोल्ट निघाले आणि पेटीला खालून आधार नसला, तर तिचं सगळं वजन या दांड्यावर लटकतं. क्लचप्लेट वाकते आणि ते बाहेरून दिसतही नाही; गाडी जोडून झाल्यावर क्लच सुटेनासा झाला की कळतं. म्हणून एक जण पेटी तोलून धरतो, दुसरा फटीकडे बघत राहतो. इंजिन आणि पेटी यांच्यातली फट वर, खाली, डावी, उजवी सारखी वाढली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली की थांबायचं, पेटी समपातळीत आणायची, मग पुढे ओढायची. फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटणं मात्र कधीही नाही. कवच मॅग्नेशियमचं असतं, त्याच्या सपाट तोंडावर ओरखडा पडला की तिथून ऑईल गळायला लागतं.

पेटी बाजूला आली की चांगला मेकॅनिक आधी क्लचच्या घुमटाकडे बघतो. तिथे ऑईल दिसलं तर ते बोटावर घेऊन वास घेतो. गंधकाचा उग्र वास आला तर ते गिअर ऑईल, म्हणजे पेटीचं सील गेलं. तो वास नसेल तर इंजिनाचं मागचं सील संशयित. इंजिन उतरवलेलं असताना हे सील बदलणं घटकाभराचं काम. आज टाळलं तर त्यासाठी पुन्हा गाडी दुभंगावी लागते.

इंजिनालाच चौकट करण्याची चॅपमन यांची रीत आजही फॉर्म्युला वनमध्ये चालू आहे. 2014 च्या नियमांत चालकाच्या कवचाला इंजिन जोडायला 12 मिलिमीटरचे सहा स्टड आणि गिअरबॉक्सला जोडायला तेवढेच सहा, असं लिहूनच ठेवलं होतं.

आपल्याकडे पुणे, मुंबई आणि इतर शहरांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या गाड्या बनवतात. त्यांतल्या अनेक गाड्यांत चाकणला तयार होणारं केटीएम 390 चं इंजिन असतं. मोटारसायकलचं इंजिन असल्याने गिअरबॉक्स त्यातच येतो, ट्रान्सअॅक्सल वेगळा काढावा लागत नाही. पण स्पर्धेच्या आदल्या रात्री इंजिन उतरवण्याची वेळ कोणत्याही संघावर येऊ शकते. तेव्हा या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: मागची चौकट संगणकावर आखतानाच प्रत्येक माउंटिंग बोल्टपाशी पाना शिरतो का आणि फिरतो का, ते तपासा. आणि इंजिन ज्या वाटेने बाहेर येणार, त्या वाटेत एकही नळी वेल्ड करू नका.