तगरचे कापड, रोमची बंदरे आणि लेण्यांतील कष्टकऱ्यांची नावे

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके हे रोमन काळातील बंदर होते. तेथील उत्खननात २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. ती साधारण इ. स. दुसऱ्या शतकातील असावी, असे संशोधक मानतात. मानवतमधील आमच्या अभ्यासवर्गात एका मुलीने विचारले, "बुद्ध तिथवर पोहोचले कसे?" उत्तर शोधता शोधता आम्ही मराठवाड्यातच परतलो.

इ. स. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हा समुद्रमार्गांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, यांची नोंद आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तेथून तगर आणखी दहा दिवसांवर. तगरचे साधे व तलम कापड गाड्यांतून भडोचला जाई. जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत, मोसमी वाऱ्यांवर इकडे येत आणि हिवाळ्यात वारे उलटले की परतत. येताना द्राक्षमद्य, तांबे, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी आणत. परतीचा माल बेरेनिकेसारख्या बंदरांत उतरून उंटांवरून नाईल नदीकडे, मग अलेक्झांड्रियामार्गे रोमला जाई. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, भारताकडे जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली आहे.

या व्यापारवाटांवरच आपली लेणी उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिले. तिथल्याच सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि सामि या सुताराचे नावही कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचा लेख आहे. त्यातील २००० च्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंच्या चीवराची सोय होती. राजघराण्यातला माणूस भिक्खुसंघासाठीचा पैसा विणकरांच्या हाती सोपवतो, यावरून विणकरांची पत कळते.

आज मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भाव दूर कुठेतरी ठरतो, आणि कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच पावतीवर नसते. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव दगडावर कोरले गेले, कारण संघात दानाची किंमत दात्याच्या जन्मावरून ठरत नव्हती.

म्हणून बांधवांनो, लेणी पाहायला जाल तेव्हा फक्त फोटो काढून परतू नका. मुलांना शिलालेखांसमोर उभे करा आणि ती नावे मोठ्याने वाचून दाखवा. तो आपल्याच कष्टकरी पूर्वजांचा इतिहास आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!